बोलत या

चौगुले सिस्टरांच्या घराच्या पाठीवर, जिथे बाकीचे ट्रकवाले ‘हॉर्न प्लीज’ लिहितात, तिथे ‘बोलत या’ असं लिहिलेलं होतं. ठसठशीत पिवळी अक्षरं, दोन्ही बाजूंना कमळं आणि खाली मान वळवून बसलेला मोर. पिंजौरच्या ज्या पेंटरने ती अक्षरं काढली त्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने दोन शब्द बघून उतरवले आणि मोर स्वतःच्या मनाने वाढवला. सिस्टरांना मोर नको होता, पण ‘हौसेनं काढलाय, ऱ्हाऊ दे’ म्हणून तो राहिला.

हो, घर म्हणजे ट्रकच. एके काळी हिमाचलातली सफरचंदं वाहून आणणारा, सहा चाकांचा. आता त्याच्या पाठीवर पत्र्याची बंद खोली होती. तिला जाळीच्या खिडक्या होत्या, मागे दार होतं, दाराला उतरत्या पायऱ्या होत्या आणि केबिनच्या डोक्यावर पाण्याची टाकी होती. एका खिडकीबाहेर डालड्याच्या जुन्या डब्यात तुळस. या घरात वत्सला चौगुले राहायच्या. मूळच्या गडहिंग्लजकडच्या. उभी नोकरी चंडीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी त्यांना झिरकपूरचे फ्लॅट दाखवले. त्यांनी ते सगळे शांतपणे पाहिले, लिफ्टची तारीफ केली आणि चंडीगडजवळच्याच पिंजौरला जाऊन पम्मीजींना गाठलं.

पम्मीजींचा पिंजौरला ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. त्यांच्या बायकोचं, कुलवंतचं, मोठं ऑपरेशन सिस्टरांच्या थिएटरमध्ये झालेलं. तेव्हापासून त्या घरात सिस्टरांचा शब्द शेवटचा. हिवाळाभर ट्रक चंडीगडच्या कडेला पम्मीजींच्या मेहुण्याच्या रिकाम्या प्लॉटवर उभा असायचा आणि होळी झाली की पिंजौरला कारखान्यामागच्या आंब्यांखाली जायचा. चालवायला पम्मीजी. सिस्टर शेजारी बसून, तुळस मांडीवर घेऊन, रस्ताभर त्यांना ब्रेक कमी मारायला सांगायच्या.

याच ट्रकात सिस्टरांना शेवटपर्यंत राहायचं होतं. आणि त्यांना तिथून बाहेर काढायचं, या एका बाबतीत चंडीगडचं महाराष्ट्र मंडळ, त्यांचा धाकटा भाऊ आणि गावाकडची समस्त भावकी यांचं एकमत होतं. महाराष्ट्र मंडळाचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी नाशिकची. मोहालीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. स्वभावही तसाच, घरचे म्हणतात. चंडीगडला सेक्टर २२ मध्ये भाड्याच्या खोलीत राहायचे. पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला गेले तर कोपऱ्यात एक लहान चणीच्या, ताठ बसलेल्या बाई मोदक वळत होत्या. नजर समोर, कुठे तरी दूर, आणि बोटं आपली आपण कळ्या पाडतायत. मी कुणाला तरी म्हटलं, “जरा सरकता का?” तर त्या बाई मान न वळवता म्हणाल्या, “नाशिककर काय गं तू?”

त्या दिवसापासून मी नाशिककर. नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मंडळात अशाच एक वर्धेकर होत्या, एक सोलापूरकर डॉक्टर होते. माणूस आवाजावरून ओळखायचा आणि गावावरून हाक मारायची, ही सिस्टरांची पद्धत. मी म्हटलं, काय कान आहेत बाईंचे!

पहिल्यांदा ट्रकवर गेले ती रविवारची दुपार होती. मी आपली गुपचूप पायऱ्यांपाशी पोचले, तर आतून करडा आवाज आला, “कोण? मागं काय लिवलंय वाचलं न्हाईस का?”

“मी सिस्टर. नाशिककर.”

“मग तसं बोलत ये की. आणि मधली पायरी उंच हाय, बघून.”

मधल्या पायरीचं त्या प्रत्येकाला सांगायच्या. दर वेळी. मी पुढे वर्षानुवर्षं गेले तरी मला ती पायरी उंच असल्याची बातमी मिळत राहिली.

आत गेले आणि थक्क झाले. इतकी जागच्या जागी असलेली जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. डबे एका रांगेत, पुढून लोखंडी पट्टी आडवी लावलेली. सांडशी एका खुंटीला, उलथनं दुसऱ्या, झारा तिसऱ्या. कपबश्यांना लाकडात कोरलेली भोकं. खाटेच्या पायाशी चपलांचं खोकं. स्टूलसुद्धा जमिनीला बोल्टने आवळलेलं. मी पाणी प्यायले आणि भांडं ओट्यावर ठेवलं, तर म्हणाल्या, “तिथं न्हाई. घेतलंस तिथं.”

“ठेवते हो नंतर.”

“नंतर न्हाई. वस्तूला जागा पाहिजे. माणसाला लागत न्हाई, माणूस कुठंबी ऱ्हातोय.”

हे त्यांचं लाडकं वाक्य. थिएटरमधली शिस्त अंगात मुरलेली, असं मी समजले. त्यांनीच सांगितलं होतं, की सर्जन हात पुढे करतो तेव्हा बघत नाही. त्याचे डोळे पेशंटच्या पोटात असतात. हातात नेमकं हत्यार पडलं पाहिजे, आणि त्यासाठी ट्रेमध्ये प्रत्येक हत्यार रोज त्याच जागी पाहिजे. “ट्रे लावणारी नर्स बदलली तरी ट्रे बदलायचा न्हाई,” त्या म्हणायच्या आणि न बघता मागे हात करून चहाचा डबा काढायच्या. तो डबा हातात यायचाच. चहाही फक्कड व्हायचा.

ट्रक हलवायचा दिवस म्हणजे सोहळा. आदल्या संध्याकाळी बांधाबांध. दह्याचं भांडं फडक्यात, फडकं डब्यात, डबा दोरीने खाटेच्या पायाला. देव रुमालात गुंडाळून सिस्टरांच्या पर्समध्ये. नव्या जागी पोचलं की पहिलं काम परातीचं. जमिनीवर परात ठेवायची, समोरासमोरच्या दोन काठांवर सिस्टरांनी दोन बोटं ठेवायची आणि कुणी तरी तिच्यात काठोकाठ येईतो पाणी ओतत जायचं. पाणी ज्या बोटाला आधी लागेल त्या बाजूला उतार. मग पम्मीजी चाकांखाली फळ्या सरकवायचे, ट्रक पुढेमागे घ्यायचे, आणि सिस्टर आतून ओरडायच्या, “थोडा और, वीरजी! केबिन की तरफ!” दोन्ही बोटं एकदमच भिजली की त्याच पाण्याने तुळशीला न्हाऊ घालायचं. घर लागलं.

मी एकदा म्हटलं, “अहो, थोडा उतार राहिला तर काय बिघडतं?”

“पाय चुकतात,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, वय झालंय, तोल जात असेल.

शेजारणींशी, बाजाराशी त्यांचं छान जमायचं. बाजारात त्या कायम कुलवंतच्या दंडात हात घालून चालायच्या आणि दोघी सारख्या बडबडत असायच्या. कुलवंत म्हणे, “सिस्टरजी, अग्गे टोया है,” आणि दोघी एका लयीत खड्डा ओलांडायच्या. मला त्या मैत्रीचा हेवा वाटायचा. मोबाइलवर त्या कधी अक्षर टाइप करायच्या नाहीत. काहीही पाठवा, उत्तर आवाजात. मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा आवाज आला की लोक आधी फोनचा आवाज बारीक करत, कारण थिएटरच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायची त्यांना सवय होती.

एकदा बीटवरचा नवा शिपाई या ट्रकाभोवती घुटमळत होता. कोण म्हातारी इथे एकटी राहते, काय भानगड आहे, म्हणून चवड्यांवर चालत खिडकीपाशी आला. आतून सिस्टर गरजल्या, “कौन है? बोलते हुए आओ!” तो इतका दचकला की त्याने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि चौकी एका दमात सांगून टाकली. त्याला चहा मिळाला, सोबत मधल्या पायरीची सूचना. पुढे तो गस्तीला आला की लांबूनच मोठ्याने गाणं म्हणत यायचा.

आणि एक धुक्याची सकाळ. चंडीगडच्या हिवाळ्यात धुकं पडतं तेव्हा स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नाही. मी तिळाचे लाडू द्यायला निघाले. प्लॉटच्या फाटकाशी रिक्षावाल्याने सोडलं, आणि पुढे सगळं पांढरं. कुठे वळायचं कळेना. एका बाजूला उघडा नाला होता हे तेवढं आठवत होतं. फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, “हललीस तर बघ. बोलत ऱ्हा.” मी बोलत राहिले, काय वाटेल ते, लाडवांची कृती सांगितली असेन. आणि त्या पांढऱ्यातून, न चाचपडता, न थांबता, सरळ माझ्यापर्यंत चालत त्या आल्या. माझं मनगट धरलं आणि बागेत फिरायला न्यावं तसं मला घरी नेलं.

“तुम्हाला कसं काय दिसलं?” मी विचारलं.

“धुक्यात डोळ्यांच्या नादी लागू नये,” एवढंच म्हणाल्या.

एवढं होऊनही मला काही कळलं नाही. चुका शोधायचा पगार घेणारी मी!

त्याच हिवाळ्यात त्यांचा भाऊ आला. शंकरकाका, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, खांद्यावर ज्वारीच्या पिठाची पिशवी. मंडळाच्या अध्यक्षांनीच त्यांना फोन करून बोलावलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा या आक्काने त्यांना वाढवलं, शिकवलं. आता त्यांनी घरावर तिच्यासाठी खोली बांधली होती. फोटो दाखवले मला. शहाबादी फरशी, खोलीतच संडास-बाथरूम, खिडकीतून पारिजातक.

“गावात सांगताना जीभ अडकती, पोरी,” ते मला म्हणाले. “जिनं आम्हास्नी छप्पर दिलं ती ट्रकात ऱ्हाती म्हणून कसं सांगू? ह्या बारीला तिला घेतल्याबिगर जाणार न्हाई.”

वाईट काय होतं त्यात? मलाही वाटलं, जावं त्यांनी. असा भाऊ कुणाला मिळतो?

सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी त्या कुलवंतबरोबर गुरुद्वाऱ्यात गेल्या. मी सुट्टी म्हणून आले होते. शंकरकाकांना बहिणीसाठी काही तरी करायचं होतं. त्यांनी अख्खं घर घासायला काढलं. डबे उतरवले, फळ्या पुसल्या, खुंट्यांना पॉलिश केलं. आणि मग सगळं त्यांच्या मते सोयीचं लावलं. मोठे डबे मागे, लहान पुढे. रोजचे मसाले ओट्याजवळ. सांडशी, झारा एका पेल्यात उभे. लखलखीत दिसत होतं सगळं. मी म्हटलं, “काका, त्यांना आवडत नाही हो हलवलेलं.” ते म्हणाले, “अगं, बघून खूश हुतीया बघ.”

सिस्टर बोलत आल्या, पायऱ्या चढल्या. “काय वास येतोय रे शंकऱ्या, साबणाचा?”

“बघ तर खरं,” काका म्हणाले.

त्या हसल्या. “झ्याक केलंस,” म्हणाल्या आणि चहा टाकला. आधण ठेवलं, मागे हात करून डबा काढला, चमचाभर आधणात टाकलं आणि हिंगाचा घमघमाट सुटला. त्या थांबल्या. पातेलं उतरवावं म्हणून हात भिंतीकडे गेला, सांडशीच्या खुंटीकडे. खुंटी रिकामी. तो हात, जो कधी चुकला नव्हता, भिंतीवरून हळूहळू फिरू लागला. वर, खाली, परत वर. सांडशी त्यांच्या डोळ्यांसमोर, वितीवर, पेल्यात उभी होती.

मोदक, आवाजात उत्तरं, कुलवंतचा दंड, धुकं, सगळं एकदम उमगलं. मी गॅस बंद केला.

“आक्का,” काका म्हणाले, “आक्का, तुला दिसत न्हाई?”

सिस्टर स्टुलावर बसल्या. “उजेड कळतो,” म्हणाल्या. “खिडकी कुठं हाय ते कळतं. कुणी हललं की सावली हलती. बाकी गेलं.”

काचबिंदू. नोकरीत असतानाच कळलं होतं. गेलेलं परत येत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. औषधांनी काही वर्षं हातात दिली. “तेवढ्यात हे बांधून घेतलं,” त्या म्हणाल्या. “एकेक खिळा डोळ्यांनी बघून ठोकवून घेतलाय. मग डोळे झाकून ऱ्हायची सवय केली. खरंच गेले तवा घर पाठ हुतं.”

“मला सांगितलं न्हाईस,” काका रडत होते. “मी मेलो हुतो काय?”

“तू न्यायला आला असतास.”

“मग आता नेतोच की! आता कसली ऱ्हातीस हितं?”

“शंकर, तुझं घर सोन्यासारखं हाय. पण भरलेलं घर हाय. सून पाट सरकवणार, नातवंडं चपला टाकणार, त्यांचं काय चुकलं? त्यांनी काय म्हणून जपून वागायचं? तिथं मी खाटेवर बसून ऱ्हाईन आणि सगळे मला पाणी आणून देतील. हितं मी दुसऱ्यास्नी देते.” मग म्हणाल्या, “आधी सगळं हुतं तिथं ठेव. मग काय ते बोल.”

आणि त्या स्टुलावरून सांगू लागल्या. आवाज एकदम थिएटरमधला. वरच्या फळीवर डावीकडून तूरडाळ, मग तांदूळ, मग पोहे. पट्टीच्या आत हळद, तिखट, हिंग. सांडशीची खुंटी ओट्याच्या कोपऱ्याच्या वर, तोंड खिडकीकडे. आम्ही दोघं त्यांचे हात झालो होतो. काका नाक ओढत, एकेक डबा दोन्ही हातांनी ठेवत होते. सगळं झाल्यावर सिस्टरांनी एकदा सगळीकडून तळवा फिरवला, एक डबा किंचित वळवला आणि उठल्या.

“पीठ आणलंयस नव्हं? बसा दोघं. जेवूनच बोलू.”

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला जन्मभर पुरेल. त्या परातीपाशी बसल्या. पिठात गरम पाणी घातलं, मळलं, गोळा हातावर वजन केल्यासारखा तोलला आणि थापायला लागल्या. भाकरी तळव्याखाली फिरत फिरत गोल होत गेली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, कान देऊन थांबल्या, आवाज बदलला तशी उलटली. गॅसच्या आचेवर धरली आणि ती टम्म फुगली. शेजारी पिठलं रटरटत होतं, त्यात मिठाचा अंदाज चिमटीला. मिरच्या तव्यावर तडतडल्या त्यांचा ठेचा. एकदाही हात चाचपडला नाही. एकदाही. कुलवंतला न्यायला आलेले पम्मीजी दारात उभे होते, ते काकांना हळूच म्हणाले, “बाऊजी, इत्थे कुझ नहीं हिलदा.” आणि खरंच, त्या खोलीत काही जागचं हलत नव्हतं. मध्यभागी ती लहानशी बाई, आणि सगळ्या वस्तू तिची वाट बघत असल्यासारख्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांना ते चाललं नसतं आणि मी त्यांच्या वाटेत आले असते.

काका खाली मान घालून जेवत होते, डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं. जेवून ते उठले, बाहेर नळावर स्वतःचं ताट घासलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि दारात येऊन थांबले.

“आक्का,” ते म्हणाले, “ताट कुठं ठेवू?”

सिस्टरांचा चेहरा हलला. मी त्यांना रडताना तेव्हा एकदाच पाहिलं.

“उभ्या खाचेत,” त्या म्हणाल्या. “भिंतीकडनं दुसऱ्या.”

काकांनी ताट खाचेत सरकवलं, नीट बसलं का बघितलं आणि खोलीचा विषय परत काढला नाही. दोन दिवसांनी एकटेच परत गेले. जाताना प्रत्येक पायरी उतरत बोलत होते, “उतरतोय आक्का. मधली आली. उतरलो. फाटकाकडं चाललोय.” फाटकाबाहेरूनही त्यांचा आवाज येत होता.

होळीनंतर माझी पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तो नेमका ट्रक हलायचा दिवस. बांधाबांध झाली होती. सिस्टर केबिनमध्ये चढून बसल्या, तुळस मांडीवर, पर्समध्ये देव. मी खाली उभी. “मोठ्या शहरात चाललीस,” त्या म्हणाल्या, “भांडं घेतलंस तिथं ठेवत जा.” मला हुंदका आला, तो मी गिळला, आणि त्यांना तो ऐकू गेला हे मला दिसलं.

पम्मीजींनी गाडी सुरू केली. ट्रक फाटकातून बाहेर पडला, ‘बोलत या’ आणि तो आगाऊ मोर हळूहळू लांब जायला लागला. केबिनच्या खिडकीतून सिस्टरांचं डोकं बाहेर आलं, मागे वळलेलं, कान माझ्या दिशेला. मी जोरजोरात हात हलवत होते. मग माझ्या लक्षात आलं. हात खाली केला आणि पळत सुटले. “सिस्टर, मी इथंच आहे! फाटकापाशी आले! आता रस्त्यावर आले! अजून दिसताय तुम्ही!”

त्या हसल्या आणि त्यांनी बरोब्बर माझ्याकडे हात केला. ट्रक वळणाआड गेला तरी मी बोलतच होते.